भिजवलेल्या विटा

आमचं चर्च माझ्या घराला लागूनच. गडीमाणसं रस्त्याकडच्या दारानं आत जायची, आणि बायांचं दार माझ्या अंगणात उघडायचं. चपला माझ्या ओट्याखाली, लेकरं काखेत, अशा सगळ्याजणी त्याच दारानं आत. उपासना सुटली की त्याच दारानं माझ्याकडं चहाला. मालक गेल्यापासून माझा रविवार म्हणजे ते दार होतं, खोटं कशाला बोलू.

पुढं मंडळी लई वाढली. ईट गावाकडनंसुद्धा माणसं यायला लागली, निम्मी उन्हात उभी राहायची. तेव्हा माझा धाकटा दीर, तो कमिटीत, घरी आला. म्हणाला, "वैनी, तुमची मागची पट्टी द्या. चर्च लांबवायचंय."

त्या पट्टीत माझं लिंबाचं झाड होतं, चूल होती. म्हटलं, "घ्या भावजी, देवाच्या कामाला न्हाय कशी म्हणू? पण बायांच्या दाराला हात लावायचा न्हाय."

"अवो, दार कुठं जातंय?" छातीवर हात ठेवून म्हणाला.

झाड पडलं, चूल गेली. गवंड्यांना पाणी माझ्याच हौदातनं. कोरडी वीट सिमेंटच्या मालातलं पाणी पिते, म्हणून ती आदल्या दिवशी भिजवायची. ते काम मी आपणहून घेतलं होतं. एका संध्याकाळी दारापाशी विटांचा वेगळा ढीग दिसला. विचारलं, "ह्या कशाच्या?"

दीर हसला. "व्हतील कशाच्या तरी. भिजवा तुम्ही."

भिजवल्या. चांगल्या दोनदा पाणी घालून.

दुसऱ्या दिवशी गुडघा दाखवायला धाराशिवला गेले. दुपारच्या एसटीनं परत आले, तर दाराची चौकट पाडलेल्या लिंबाच्या ओंडक्याला टेकवलेली आणि दाराच्या जागी भिंत. माल अजून ओला होता.

दीर माझ्याच ओट्यावर बसून चहा पीत होता. माझ्या सुनेनं दिला असंल.

"तिथं स्टेज आलंय, वैनी. पाळकसाहेब बोलत असताना मागनं बाया आत शिरणार, बरं दिसतंय का?"

"मग आधी का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर पट्टी दिली असती का तुम्ही?"

असं म्हणून बशी तोंडाला लावली बघा. म्हणजे छातीवर हात ठेवला तेव्हाच ह्याला ठाऊक होतं. घरातलं माणूस! लग्न होऊन आले तेव्हा ह्याला मी अंगणात आंघोळ घालायची.

रविवारी मी गेले न्हाय. पण सवयीनं मोठं पातेलं गॅसवर ठेवलं. भिंतीपलीकडं शेवटचं गाणं झालं, खुर्च्या सरकल्या, आणि बायांचे आवाज रस्त्याकडं गेले. तिकडनं वळसा घालून कोण येतंय, उन्हाचं? ओट्याखाली एक चप्पल न्हाय. चहा उकळून उकळून काळा झाला.

तेवढ्यात दीर आला. भिंतीवर हात फिरवत म्हणाला, "वैनी, हिला पाणी मारलं न्हाय जणू? तडकंल की." आणि मग, "चहा हाय का?"

म्या पातेलं उचललं आणि सगळा चहा त्या भिंतीवर ओतला.

"हिलाच पाजला, भावजी."

मी पातेलं घासायला घेतलं.