कळसच्या हॅचरीतला लाल दिवा

त्या दुपारी बारामतीहून अंथुर्णेमार्गे कळसला गेले ते एका लाल दिव्यासाठी. तिथं एका चाचींची कोंबडीची अंडी उबवायची हॅचरी आहे. अंड्यांच्या कपाटांतले पंखे लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर सांभाळतो. माझ्याआधी हे काम बघणाऱ्या माणसानं काही प्रोग्राम काढून टाकले होते, पण ते सुरू करायच्या सूचना, म्हणजे सर्व्हिसच्या फाइली, तशाच राहिल्या होत्या. ते नसलेले प्रोग्राम मशीन शोधत बसायचं आणि बिघाडाचा दिवा कायम लाल. खरंच काही बिघडलं तर कळणार कसं, हे चाचींचं म्हणणं रास्त होतं.

निकामी फाइली मी एकेक करून बाजूला काढल्या. दिवा हिरवा झाला. पण वीज जाऊन आल्यावर सगळं आपोआप सुरू होतं का, ते बघायला हवं होतं. चाचींना विचारून मशीन बंद करून चालू केलं.

मशीन आलं, पंखे आले नाहीत.

अंडी फुटायला आली होती. पंख्यांची घरघर थांबली तशी कवचाच्या आतली चिवचिव ऐकू यायला लागली. आतली पिल्लं स्वतःच्याच उष्णतेनं गुदमरणार होती.

"पंखं फिरंनात, पोरी," चाची हळूच म्हणाल्या आणि कपाटांची दारं उघडायला लागल्या.

स्क्रीनवर कारण होतं. पंख्यांच्या सर्व्हिसमध्ये एक जुनी ओळ होती, मी काढलेल्यांपैकी एक सर्व्हिस मागणारी. ती निकामी असली तरी फाइल होती तोवर भागत होतं. आता फाइलच नव्हती.  मी ती फाइल परत जागेवर ठेवली. पंखे फिरले.

मग ती ओळ पुसली, फाइल पुन्हा काढली. आता परत बंद करून बघणं भाग होतं, आणि माझी छाती होत नव्हती. दुसऱ्या दिवशी येते, असं मी म्हणाले.

"आत्ता तू हितं हाईस," चाची म्हणाल्या. "लाईट गेली तवा नसशील. कर."

मी डोळे मिटून केलं. घरघर ऐकू आली तेव्हाच उघडले.

पिल्लं निघाल्यावर चाचींचा फोन आला. कपाटांच्या दाराजवळच्या काही ट्रेमधली निघालीच नव्हती. दर खेपेला थोडी राहतातच, असं त्या म्हणाल्या. त्या दिवसामुळं का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.