ताण न दिलेलं झाड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. स्टाफरूममध्ये तर नाहीच — तिथे माझा रुबाब अजून शाबूत आहे. मग तुम्हालाच का? कुणास ठाऊक.

सौसरच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. वरून फर्मान आलं — प्रत्येक विषयात मुलांकडून संगणकावर प्रोजेक्ट करून घ्या. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरचं चित्र हलतं. भाषेच्या बाईंनी कवितेतली चिमणी उडवली, गणितवाल्यांनी त्रिकोण फिरवला, आणि दोघं चंद्रावर जाऊन आल्यासारखे मिरवत होते. उथळ पाण्याला खळखळाट फार! मी नाक मुरडत होतो. मला स्वतःला दोन ठोकळे धड जोडता येत नव्हते, हे कोणाला माहीत होतं?

माझ्या वर्गातून बोरगावची वैशाली पुढे आली. घरी संत्र्याची बाग. तिने संत्र्याचं झाड केलं होतं — पाणी बंद, थांबा, पानं मलूल, मग पाणी, आणि झाड फुलांनी पांढरं. पांढुर्ण्याच्या प्रदर्शनात निवड झाली की भोपाळ. त्यासाठी तिने आईकडून नवी बॅग कबूल करून घेतली होती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी तिचा प्रोजेक्ट उघडला. पाणी तोडल्यावर झाड फुलतं? अडाण्यांची पोर — हेच शब्द मनात आले. तिला विचारलं असतं तर? नाही विचारलं. 'पाणी बंद' आणि 'थांबा' हे ठोकळे काढून टाकले. काढून टाकायला अक्कल लागत नाही.

प्रदर्शनातले परीक्षक नेमके स्वतः संत्र्याचे बागवाले निघाले. "काय वं पोरी, ताण न देता बहार कसा फुटून राहिला?"

बहार यावा म्हणून संत्र्याचं पाणी काही आठवडे तोडतात, तोच ताण. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. मी दुकानदाराच्या घरचा, पुस्तक तोंडपाठ असलेला — मी जाणत नव्हतो.

वैशालीने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. आणि मी? मी हसलो. म्हणालो, "लेकरू आहे साहेब, चुकली. मी सांगतलं होतं तिले."

तिने संगणक बंद केला. निवड झाली नाही.

हंगामात तिचे वडील संत्र्यांची पिशवी घेऊन घरी आले — पोरीसाठी सरांनी मेहनत घेतली म्हणून. म्हणजे तिने घरीही सांगितलं नव्हतं. मी पिशवी घेतली, त्यांना चहा पाजला. संत्री सगळी खाल्ली. गोड होती.