आडूळजवळ बंद पडणारी गाडी

"गाडीत काही प्रॉब्लेम नाही. चालवणारीचा हात बसलेला नाही," मॅनेजर सर मला म्हणाले. हळू आवाजात म्हणाले, पण काउंटरच्या पलीकडं उभ्या असलेल्या शबानाभाभींना ते ऐकू गेलं. त्यांनी हेल्मेट फक्त एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

मी उस्मानपुऱ्यातल्या एका टू-व्हीलर वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. गाडी मेकॅनिक उघडतो. कुठली उघडायची, कुठपर्यंत उघडायची आणि कधी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची, हे मी ठरवते.

शबाना शेख पाचोडच्या. घरी शिलाईकाम करायच्या. नवरा, सलीमभाई, वाळूजच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. लोखंडाचे पार्ट तापवून कडक करायचे, ते काम. किडन्या गेल्या तशी नोकरीही सुटली. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी शहरात यावं लागायचं. येताना एसटी चालायची, पण परत जाताना त्यांच्यानं उभं राहवत नसे आणि बसायला जागा मिळेलच याचा भरवसा नसे. म्हणून भाभी मोटरसायकल शिकल्या. सलीमभाईंच्याच गाडीवर, त्यांनाच मागं बसवून.

ते डायलिसिसला मशिनवर असताना भाभी गाडी घेऊन आमच्याकडं यायच्या. तक्रार एकच. गाडी हायवेला बंद पडते, बहुतेक वेळा वाटेतल्या आडूळ गावाजवळ.

"नेमकं काय होतं, भाभी?" मी विचारलं.

"चालता चालता दम तुटतो. मग झटके देती, मग बंद. जरा वेळ सावलीला लावली की पुन्हा चालू होती."

"आवाज येतो काही?"

"व्हय. डब्यात खडे हलवल्यावानी. बारीक."

"आणि सलीमभाई काय म्हणतात?"

"ते म्हणतात, तू गिअर चुकीचा ठेवती. मी नाय ठेवत, मॅडम."

मग त्यांनी जे सांगितलं त्यानं मी पेन खाली ठेवला. एकदा गाडी अशी बंद पडली की हॉस्पिटलात पोचायला उशीर झाला आणि सलीमभाईंची डायलिसिसची वेळ हुकली. रात्रभर त्यांना आडवं होता आलं नाही, श्वास लागत होता. अंगात पाणी साठलं की तसं होतं. "पुन्हा तसं झालं तर मी काय करू?" त्या म्हणाल्या. प्रश्न मला नव्हता.

आमच्या पोरांनी याआधी दोनदा गाडी तपासली होती. पेट्रोलची लाइन, बॅटरी, वायरिंग, सगळं ठीक. स्पार्क प्लग कुणी काढला नव्हता, कारण तो नुकताच बदललेला होता. तोही चांगला, महागातला, इरिडियमचा. नव्या पार्टवर सहसा कुणी संशय घेत नाही.

मी सरांकडं गेले.

"सर, टेस्ट राइड कुठपर्यंत घेतली?"

"इथल्या क्रांती चौकापर्यंत. लोण्यासारखी चालली."

"एकट्यानं?"

"मग किती जण बसवायचे?"

"ती दोघं बसतात, सर. आणि पाऊण-एक तास एका स्पीडला चालवतात. मला हायवेला जायचंय. त्यांच्याच मागं बसून."

सरांनी घड्याळाकडं बघितलं. "जेवणाच्या सुट्टीत जा. आणि त्यातही काही निघालं नाही, तर गाडीच्या कार्डावर 'रायडिंग हॅबिट', म्हणजे चूक चालवणारीची, असं लिहायचं आणि गाडी द्यायची."

आम्ही निघालो. मी पिशवीत प्लगचा पाना, जाड फडकं आणि कंपनीनं या मॉडेलला सांगितलेला साधा प्लग घेतला. बीड बायपास संपेपर्यंत मी भाभींचे हात बघत होते. क्लच पूर्ण दाबायच्या, गिअर वेळेवर टाकायच्या, ट्रक मागं आला की बिचकायच्या नाहीत. आमच्या निम्म्या मेकॅनिकांपेक्षा त्यांचा हात सरळ होता.

चितेपिंपळगाव गेलं, तोवर काही नाही. ऊन चढलं होतं, समोरून वारा होता. पुढं एका चढाला मला तो आवाज ऐकू आला. खडे हलवल्यासारखा, अगदी त्यांनी सांगितला तसाच. गाडी ओढेना. एक झटका बसला, दुसरा बसला आणि इंजिन बंद. मागून ट्रकचा हॉर्न वाजत होता. भाभींनी क्लच दाबला, आरशात बघितलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला नेऊन उभी केली. त्या शांत होत्या. त्यांच्यासाठी हे रोजचं झालं होतं.

गरम इंजिनातून प्लग लगेच काढायचा नसतो. इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, जोर लावला तर आटे खराब होतात. आम्ही लिंबाखाली बसून राहिलो. इंजिन निवल्यावर मी प्लग काढला.

प्लगच्या टोकाला चिनी मातीची एक छोटी नळी असते. तिचा रंग इंजिनाच्या आत काय चाललंय ते सांगतो. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर सगळं बरं. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. ओला आणि तेलकट असेल तर ऑइल आत येतंय. हा प्लग पांढराफटक होता आणि त्यावर बारीक फोड आले होते. म्हणजे टोक इतकं तापत होतं की ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटत होतं.

प्रत्येक प्लगवर एक नंबर असतो. त्या नंबरातच प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो हेही असतं. काही कंपन्यांत आकडा मोठा तसा प्लग थंड, काहींत बरोबर उलट. प्लग विकणाऱ्या दुकानदारानं एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी जुळवला होता. आटे जुळले, लांबी जुळली, प्लग बसला. पण तो होता गरम जातीचा, उष्णता धरून ठेवणारा. गावातल्या गावात फिरताना कळलं नसतं. दोन माणसं, लांबचा रस्ता आणि ऊन एकत्र आलं की कळत होतं.

साधा प्लग बसवून आम्ही आडूळच्याही पुढं गेलो आणि तशाच परत आलो. तो आवाज आला नाही.

परतताना भाभींनी मान थोडी वळवून विचारलं, "मॅडम, त्यांना सांगू नका."

"काय?"

"तो प्लग त्यांनी टाकला होता. मी गाडी चालवायला लागले तव्हा. म्हणले, भारीतला टाकतो, म्हणजे तू रस्त्यात अडकायची नाय. डायलिसिससाठी हाताच्या शिरेचं ऑपरेशन व्हायच्या आधी त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं ते शेवटचं काम हाय."

मी तसा शब्द दिला नाही.

वर्कशॉपला आलो तर सलीमभाई बाकावर बसलेले. आमची वाट बघून ते रिक्षानं आले होते. चेहरा राखेसारखा, हाताला पट्टी. इंजिन निवल्यावर मेकॅनिक प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडून पिस्टन बघू लागला. रस्त्यात काढलेला प्लग ट्रेमध्ये होता.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"कचरा होता, साफ केला," भाभी पटकन म्हणाल्या.

सलीमभाई उठले. ट्रेमधून प्लग उचलला आणि उजेडाकडं धरला. ज्यानं भट्टीसमोर आयुष्य काढलं, त्याला तापलेली वस्तू दुसऱ्यानं वाचून दाखवावी लागत नाही.

"हा जळलाय, मॅडम," ते म्हणाले.

"हो."

"मी टाकला होता."

"हो. पण प्लग खराब नव्हता, सलीमभाई. या गाडीचा नव्हता. दुकानात नंबर जुळवताना चूक झाली."

"पिस्टन?"

"वर बारीक खड्डे पडलेत. भोक नाही. इतक्यात थांबलं, बरं झालं."

अजून काही फेऱ्या झाल्या असत्या तर भोकही पडलं असतं. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी प्लग परत ट्रेमध्ये ठेवला. मग बायकोकडं वळले.

"तू बराबर चला री थी," ते म्हणाले. "मैंच गलत बोल रा था."

"छोडो जी," भाभी म्हणाल्या. त्यांनी ओढणीनं तोंड पुसलं.

मॅनेजर सर दारात उभे होते. तेही ऐकत होते. आत जाऊन त्यांनी स्वतः कार्डावर 'चुकीच्या नंबरचा प्लग' असं लिहिलं.

तपासणीसाठी नवा साधा प्लगही काढलेलाच होता. सलीमभाई म्हणाले, "आता हिच्याकडून बसवून घ्या." त्यांच्या पट्टीच्या हाताला जोर चालत नव्हता. ते बाजूला स्टुलावर बसले आणि सांगत गेले.

"आधी नुसत्या बोटांनी. पाना नको. अडकला तर समज आटे चुकले, सोड आणि पुन्हा लाव. व्हय. आता पाना. टेकला का? हाताला कळतं बघ. तिथून जरासाच फेरा, प्लग एकदा बसलेला हाय. जोर नाय करायचा."

भाभींनी जरासा फेरा दिला आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"बदलायचा कधी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. साधा प्लग बहुतेक गाड्यांना दहा-बारा हजार किलोमीटरच्या आसपास बदलतात, पण दर सर्व्हिसला काढून रंग बघायचा. इरिडियम जास्त टिकतो, तो वाईट नाही. पण कुठलाही घ्या, नंबर पुस्तकातलाच, आणि कंपनी बदलली तर तिच्या तक्त्यात आपल्या गाडीचं नाव शोधायचं. नुसता आकडा जुळवायचा नाही.

गाडी त्यानंतर रस्त्यात बंद पडली नाही. पुढच्या उन्हाळ्यात सलीमभाई गेले. घरीच, हृदय थांबलं. काही दिवसांनी भाभी सर्व्हिसला आल्या. प्लग त्यांनी घरीच काढून बघितला होता. तपकिरी आहे, म्हणाल्या. मग गाडीकडं बघत म्हणाल्या, "आधी सारखं सांगायचे, गिअर टाक, ब्रेक मार. त्या दिवसानंतर कधीच बोलले नाहीत. पाठीला डोकं टेकून गप बसायचे."

आमच्या वर्कशॉपमध्ये आता दोन गोष्टी ठरलेल्या आहेत. गाडी झटके देत असेल तर प्लग नवा असला तरी काढून बघायचा. आणि चालवणाऱ्याची चूक असं कार्डावर लिहायचं असेल, तर आधी त्याच्या मागं बसून यायचं.