अँक्शसचा तास

४ मार्च. सकाळी तपासणीचे तक्ते आणि फिरकीच्या झाकणाचा तांब्या पिशवीत भरून नांदेडहून लातूरची एसटी धरली. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते. लातूर जिल्हा नवा, तिथे तपासनीस कमी, म्हणून मला पाठवलं होतं. चाकूरजवळच्या एका खेड्यात शिंदे गुरुजींचा धडा पाहायचा होता. त्यावर त्यांची नोकरी कायम व्हायची होती.

अहमदपूर सोडल्यावर रानात हिरवं काही दिसलं नाही. फाट्यावर उतरून दीड कोस चालले. शाळेत तांब्याभर पाणी आलं. दोन घोट प्याले, उरलेल्याने तोंड धुतलं. पोरी बघत राहिल्या. प्रत्येकीच्या शेजारी रिकामी घागर होती.

इंग्रजी शब्द होता 'अँक्शस', म्हणजे चिंतातुर. अर्थ मराठीत सांगायचा नाही, दाखवायचा, असा नियम. गुरुजींनी चित्र धरलं: फलाटावर घड्याळ पाहणारा साहेब. वर्ग ढिम्म.

शेवटी ते म्हणाले, "टँकरची वाट बघताना पोटात कसं होतं? तसं."

सगळ्यांना समजलं. तेवढ्यात खरोखरच टँकरचा भोंगा वाजला. पोरी उठल्या. गुरुजींनी माझ्या हातातल्या तक्त्याकडे पाहिलं. त्यात एक रकाना होता: धडा संपेपर्यंत वर्ग जागेवर होता का?

"बसा खाली. बाई आल्यात."

मला बोलता आलं असतं. मी पेन्सिलीला टोक काढत होते.

तास संपल्यावर पोरी धावल्या आणि रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. टँकर दिवसाआड यायचा.

पुढच्या रांगेतल्या सखूला मी विचारलं, "तू अँक्शस आहेस का गं?"

"न्हाई बाई. तशी मघा होते. आता टँकर गेला की."

शेजारीण म्हणाली, "आता हिची माय अँक्शस हाय. घरी गेल्यावर बघा कशी हाणती!"

मी तक्ता भरला. अर्थ व उपयोग: उत्तम. वर्ग जागेवर: होता. नोकरी पक्की झाली.

"लई उपकार झाले, बाई," गुरुजी म्हणाले. माझ्याकडे न बघता.

लातुरात खानावळीत भाकरी आणि ठेचा मिळाला. पाणी मागितलं तर मालक म्हणाला, "एकच गिलास, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर अंघोळीला अर्धी बादली आली. तोंडही न धुता तिच्यातून तांब्या भरला आणि परतीच्या गाडीतून त्याच फाट्यावर उतरले. शाळेत जाऊन शेरेबुकात लिहिलं: भोंगा वाजला की वर्ग सोडावा, तपासणी चालू असली तरी. सही केली. मग तांब्या सखूच्या घागरीत ओतला. तिने घागर हलवून पाहिली आणि जागेवर जाऊन बसली.