वाकडा पंख

मला वाकडं काही बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरचा फोटो सरळ करून येते. सासरी यावरून माझी चेष्टा होते, ती होऊ दे. पण अण्णांच्या विमानाला मी हात लावायला नको होता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वसमतला बसगाड्यांचे मेकॅनिक होते. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांचे हात थरथरायला लागले. चहा सांडायचा, म्हणून आई कप अर्धाच भरायची. ते त्यांना कळायचं आणि ते चिडायचे. अशात त्यांनी एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून रिमोटवर उडणारं जुनं विमान आणलं. थर्माकोलचं, डावा पंख मधोमध मोडलेला. "हे उडवतो, मंग म्हण मला म्हातारा," असं त्यांनी आईला बजावलं होतं.

दिवाळीला मी सकाळच्या गाडीनं माहेरी पोहोचले, तोवर पंख जोडून झाला होता. आत बांबूची कामटी, वरून चिकटपट्टी. पण पंखाला चक्क पीळ पडला होता. एकेकाळी नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगणारा माणूस! हे चारचौघांत पडलं तर अण्णा खचतील, असं मला वाटलं. दुपारी ते झोपले तेव्हा मी ब्लेडनं सांधा उकलला, फूटपट्टी धरून पंख सरळ केला आणि त्यांच्याच डब्यातला दोन ट्यूबांचा झटपट वाळणारा डिंक कालवून लावला. वर पुन्हा तशीच चिकटपट्टी. ते उठायच्या आत सगळं जागच्या जागी होतं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

संध्याकाळी सोयाबीन निघालेल्या रानात आम्ही तिघं गेलो. शेजारचे चार जणही आले. मी विमान हातानं फेकलं. ते चढलं, एकदम उजवीकडं कलंडलं, आणि अण्णा रिमोटशी झटत असतानाच ढेकळांत नाक खुपसून पडलं.

"काहून पडलं हो?" आईनं विचारलं.

"काल तर बराबर उडालं होतं," अण्णा म्हणाले.

"काल?" मी म्हटलं.

"तू यायच्या आदी. एकट्यानंच उडवून पाह्यलं. पंख वाकडा बसला, म्हणून डावीकडं ओढत होतं. मंग रिमोटवरचा हा बारका खटका तेवढाच उजवीकडं करून ठेवला. गाडी ओढती तसं इस्टेरिंग धरावं लागतं, बाई."

खटका अजून तिथंच होता. पंख मात्र मी सरळ केला होता.

अण्णा स्वतःच्या तळहातांकडं बघत राहिले. "न्हाई आता. हातच गेले माझे."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलायचं तर 'तुमच्या हातांचा मला भरवसा नव्हता' हेही सांगावं लागलं असतं. घरी गेल्यावर सांगू, असं ठरवत मी ढेकळांतून तुकडे वेचले. घरी गेल्यावरही जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी शर्टाची बटणं लावायला आईला हाक मारली. थरथरत का होईना, आजवर बटणं ते स्वतःच लावायचे. आई चुलीपाशी होती, म्हणून मी पुढं झाले. अण्णा लेकरासारखे मान वर करून उभे राहिले, आणि मी वरपासून खालपर्यंत एकेक बटण लावत गेले.