हँडल कुणी ओढायचं

असले किस्से टाकीसारखे साठत जातात, वेळेवर मोकळे केले नाहीत तर वास मारतात. म्हणून सांगतो.

नव्वदनंतर परदेशी वस्तू येऊ लागल्या, तेव्हा बीडच्या एका ट्रस्टला परदेशातून एक जुनी गाडी दान आली. तिकडचे लोक तिच्यात राहून सहली करायचे. आत पलंग, बेसिन, संडास, सगळं! ट्रस्टनं तिचा फिरता दवाखाना केला. डॉक्टरबाई, मंगल सिस्टर, ड्रायव्हर बापूराव आणि मी, आयटीआय फिटर.

*

गाडीखाली दोन टाक्या होत्या, एक बेसिनची, एक संडासची. दोन्हींना वेगवेगळं हँडल. ओढलं की पाणी खड्ड्यात. पहिल्याच दिवशी बापूरावांनी वाटणी केली. बेसिनचं ते ओढणार, दुसरं मी.

मी विचारलं, "कावून?"

"तू फिटर हायस ना," म्हणाले. बेसिनच्या हँडलला मात्र फिटर लागत नव्हता! माझं आडनाव त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

*

महिन्याभरात नळी तुंबली. मी गाडीखाली आडवा झालो आणि सगळी मांडणी खडूनं दारावर काढली. टाक्या दोन, हँडलं दोन, पण नळी पुढं एकच! आधी संडासची टाकी सोडायची, मग बेसिनच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. बापूराव आपलं हँडल पहिलं ओढून मोकळे व्हायचे, म्हणून घाण आत राहायची.

आणि नळीची जी टोपी ते 'आपली बेसिनची' म्हणून रोज हातानं फिरवायचे, ती दोन्ही टाक्यांची होती. हे कळल्यावर मांजरसुंब्याच्या ढाब्यावर त्यांनी दोनदा अंघोळ केली. मला टोपीचं पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं!

*

मग मी पाळ्यांचा कागद चिकटवला. चौघांची नावं, आळीपाळीनं. डॉक्टरबाईंनी मुकाट्यानं सही केली आणि सोमवारी हँडल ओढलंसुद्धा. बापूरावांची पाळी गुरुवारी, तर त्यांना गुरुवारचा उपास सुरू झाला. मी पाळी शुक्रवारी नेली. उपासही शुक्रवारी आला! मग मी त्यांच्या नावापुढं लिहिलं, 'फराळानंतर'.

*

आता नेकनूरचं. ते माझं गाव. त्या दिवशी ट्रस्टचे सेक्रेटरी गाडी मिरवायला आले होते. आदल्या दिवशी टाकी रिकामी झालेली. साहेबांनी आतला संडास वापरून पाहिला, खूश झाले, आणि बाहेर येऊन जमलेल्या गावाला म्हणाले, आता ही रिकामी कशी होते तेही बघा.

गर्दीत माझे वडील उभे होते. तरुणपणी दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी गावकीची कामं सोडली. त्यापायी मार खाल्ला, पण पुन्हा हात लावला नाही.

सेक्रेटरींनी माझ्याकडं बोट केलं. "चल, ओढ."

पाळी माझी नव्हती. पण खरं सांगतो, पाळी असती तरी त्या गर्दीसमोर मी ओढलं नसतं. मी गाडीचं पुस्तक आणलं. भाषा कुणालाच येत नव्हती, पण चित्रं होती. चित्रात टाय लावलेला गोरा मालक हसत हसत हँडल ओढत होता.

"साहेब, तिकडं ज्याची गाडी त्योच ओढतो," मी म्हणालो. "बिघडलं तर मी दुरुस्त करीन. ओढणार न्हाई."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

मंगल सिस्टर औषधाच्या बाटल्या पुसत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आज सकाळपासून आत एकटे साहेबच गेलेत."

गावात आधी कुणीतरी खोकलं. मग बायका हसल्या.

सेक्रेटरी लाल झाले. त्यांनी बाह्या वर केल्या, हातातलं सोन्याचं घड्याळ काढलं, आणि धरायला म्हणून शेजारी उभ्या असलेल्या माझ्या वडिलांपुढं केलं.

वडिलांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.