कडावजवळचा साकव आणि दादांचं पाणी

कर्जतला लोक धबधबे बघायला जातात, मी काँक्रीट बघायला गेले. मावसबहीण वैशालीचा फोन आला होता, "ओढ्यावरचा मोडका साकव नव्यानं घालतोय, जुन्याच काँक्रीटची खडी करून. ये गं, माझ्या बाजूनं कुणीतरी पायजे." ती इंजिनिअर, नोकरी रसायनीला, सासर कडावजवळच्या एका गावात.

पुण्याहून गाडीनं कर्जत, स्टेशनबाहेर वडापाव (दोन घ्याच, एकानं भागत नाही), मग कडावची सहा आसनी रिक्षा. भाडं किरकोळ, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरीच ठेवून या. भातं कापून झाली होती. मोकळ्या शेतांपलीकडे घाट निळा दिसत होता.

साकवापाशी निम्मं गाव जमलेलं. जुन्या साकवाचे तुकडे फोडून, चाळून आधीच भिजवले होते, कारण अशी खडी पाणी फार पिते. सळ्या बांधून तयार. शिवाय मालात टाकाऊ प्लास्टिकचे बोटभर धागे, तडा गेलाच तर तो पसरू नये म्हणून. डेअरीचा दुधाचा टेंपो इथूनच जातो. साकव टिकला नाही तर पुन्हा आधीचा साकव बांधणारा जुना ठेकेदार येणार आणि वैशाली जन्मभर टोमणे ऐकणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

धाग्यांमुळे माल घट्ट दिसतो. वैशालीचे सासरे, दादा, बादली घेऊन पुढे आले. सगळी हयात भातशेतीत गेलेली.

"कोरडं हाय गं. लावणीचा चिखल कसा, लोण्यावानी पायजे."

"दादा, पाणी नका घालू. कच्चं राहील."

"आमी काय आज चिखल करतोय?"

दादांनी बादली कलती केली. वैशालीनं ती वरच्यावर धरली आणि चारचौघांत म्हणाली, "दादा, यात रोपं नाय लावायची."

सगळे हसले. दादा बादली तिथेच ठेवून घरी गेले. रात्री जेवणात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं अप्रतिम होतं, पण दादा अर्ध्या भाकरीवरच उठले. मला फार वाईट वाटलं.

सकाळी ओढ्याकडे गेलो तर दादा तिथे आधीच हजर. घट्ट झालेल्या काँक्रीटवर त्यांनी मातीचे बांध घालून खाचरासारखं पाणी भरलं होतं.

"आता तरी चालंल ना पाणी?" त्यांनी वैशालीकडे न बघता विचारलं.

"आता पायजेच, दादा. महिनाभर, तरच पक्कं होईल."

महिन्यानं मी मुद्दाम परत गेले. दुधाचा टेंपो साकवाच्या तोंडाशी थांबलेला, ड्रायव्हर काही पुढे जाईना. "आधी रिकामा नेऊ का?" तो विचारत होता. वैशालीचा चेहरा उतरला. तेवढ्यात दादा मागून टेंपोत चढले आणि कॅनांमध्ये मांडी घालून बसले.

"आता हालव रं."

टेंपो पलीकडे गेला. वैशाली खाली वाकून तडा शोधत राहिली. सापडला नाही.

पुण्यात परतून आठवडा झाला. तांदूळ आणलेत, ते उत्तम शिजतात. पण डोक्यात वेगळंच आहे. माझ्या सासऱ्यांना असं अडवायची माझी छाती झाली असती का? आणि अडवलं असतं, तर ते त्या टेंपोत बसले असते का? विचारायची सोय नाही, ते पलीकडच्याच खोलीत पेपर वाचतायत. मी आपली त्यांना चहा विचारून आले.